दाविदमास्तरांचा मध्यस्थ

दाविदमास्तर चर्चमध्ये भर उपासनेत मला उभं करायचे. "शमुवेल, तू बैलांचा व्यापारी. सांग बरं, मध्यस्थ कसा असावा?"

बायका पदराआड हसायच्या. मी म्हणायचो, "दोन्हीकडच्या विश्वासातला, मास्तर. एकाचाच असला तर दुसऱ्याला बुडवतो."

एवढं ऐकलं की मास्तर खूश. "आयका! तारणारा नुसता देव असता, तर आपली भूक त्याला काय ठावं? नुसता मानूस असता, तर आपल्यावानीच पापी, मग जामीन कोन ऱ्हानार? तो दोन्ही घरचा हाय. पुरता देव, पुरता मानूस. अर्धा अर्धा न्हाई."

बेलापूरजवळच्या आमच्या वस्तीला कायमचा पाळक, म्हणजे धर्मगुरू, नव्हता. पाळकसाहेब प्रभुभोजनापुरते, म्हणजे तारणाऱ्याच्या शेवटच्या जेवणाच्या आठवणीची भाकर वाटायला, येत. एरवीची प्रार्थना, आजाऱ्याची विचारपूस, मेलेल्याची माती, सगळं मिशनच्या शाळेतून निवृत्त झालेल्या मास्तरांवर. भोजनाला कोणी बसावं हेही त्यांच्याच शब्दावर. माणूस विद्वान, पण व्यवहारात शून्य. पेरूवाली सांगेल तो भाव द्यायचे. मी शेजारी उभा राहून तडफडायचो.

"मास्तर, निम्म्यात दिले असते तिनं!"

"आरं, उन्हात बसून सांगितलाय तिनं भाव. तू सावलीतनं तोडतूस."

मी शून्यातून उभा राहिलेला माणूस. एकेक बैल करत धंदा वाढवला. मला कोणी काही फुकट दिलं नाही. त्यामुळे "तारण फुकट हाय, त्याची किंमत वधस्तंभावर भरून झाली," हे त्यांचं आवडतं वाक्य मला कधी पचलं नाही. फुकटच्या जनावरात खोट असतेच.

मग आई गेली. मी तिसगावच्या बाजारात होतो, फोन लागला नाही. माझा धाकटा भाऊ योहान थांबला नाही. मी पोचलो तेव्हा ओली माती तेवढी उरली होती. मूठभर मातीसुद्धा माझ्या हातून पडली नाही. आणि ती माती दिली कोणी? मास्तरांनी.

"उन्हाळा हाय, दादा," योहान खाली बघत म्हणाला.

"बेलापुरात बर्फ मिळत नाही?" मी ओरडलो. मी मास्तरांकडे वळलो. "आणि तुम्ही? तुम्हालाही घाई?"

"तुझा भाऊ हुता, त्याचं आयकलं," मास्तर म्हणाले. मग हळूच, "तारणारा पन मित्राच्या कबरीवर उशिराच पोचला हुता, शमुवेल. रडला."

"त्यानं उठवलं त्या मित्राला. तुम्ही माझ्या आईला उठवता?"

"न्हाई," ते म्हणाले. "मला नुसतं रडता येतं." आणि खरंच रडायला लागले. माझा राग आणखी चढला, कारण आता ओरडावं कोणावर?

मी एकच मागणी लावून धरली. योहाननं चर्चमध्ये सगळ्यांसमोर उभं राहून चूक कबूल करावी. तोवर त्याला प्रभुभोजनाला बसवू नये. यात वावगं काय होतं? मास्तर म्हणाले, "ते मेज माझं असतं तर तुझ्यासाठी त्याला उठवला असता. पन यजमान तारणारा हाय. त्यानं तर सोताला वैऱ्याच्या हाती धरून देनाऱ्या शिष्यालाबी जेवायला बसवलं."

"मग माझी जागा रिकामी ठेवा," मी म्हणालो, आणि चर्चला जाणं सोडलं. मास्तर बांधावरून येता-जाता हाक मारायचे, मी मान वळवायचो. त्यांनी हाक मारणं सोडलं नाही, याचाही राग यायचा.

गेल्या हिवाळ्यात ते अंथरुणाला खिळले. भेटायला गेलो तर उशाशी योहान. मी मागे फिरलो.

"बस," मास्तरांचा आवाज खोल गेला होता. "आन तुझा रुमाल दे."

बैलबाजारात भाव तोंडानं सांगत नाहीत. दोन माणसांचे हात रुमालाखाली जातात, बोटं दाबून बोली होते, बघणाऱ्यांना पत्ता लागत नाही. मास्तरांनी माझा रुमाल आपल्या छातीवर पसरला आणि आम्हा दोघांचे हात त्याखाली ओढले. "लोकांसमोर न्हाई जमत ना? हितं बोला."

योहानचा हात माझ्या हाताला लागला. उघडा, गार. बोट हलेना. मीच त्याची बोटं आवळली. "बोल, काय देतोस?"

"माझ्याकडं द्यायला काय न्हाई, दादा," तो म्हणाला. "आयला तसं पडलेलं बघवंना. लई भ्या वाटलं. म्हनून उरकलं."

"मग तेव्हाच का नाही बोललास?"

"तू बोलू दिलंस कवा?"

मी मास्तरांकडे बघितलं. "मास्तर, याला सौदा म्हणत नाहीत."

"न्हाईच म्हनत," ते डोळे मिटून म्हणाले. त्यांचा हात आमच्या हातांवर होता, चिमणीएवढंही वजन नव्हतं त्याला. हिसडा दिला असता तर माझा हात सहज सुटला असता. मी दिला नाही.

मास्तर त्याच आठवड्यात गेले. आता मी पुन्हा चर्चला जातो, आणि रविवारी योहान माझ्या शेजारी येऊन बसतो. मी सरकून जागा देतो आणि आतल्या आत चिडतो. त्यानं आजवर उभं राहून काही कबूल केलेलं नाही, मीही पुन्हा मागितलेलं नाही. मास्तर असते तर भांडलो असतो, की या सगळ्यात माझ्या पदरात काय पडलं? ते काय म्हणाले असते हे मला पक्कं ठाऊक आहे: "भाऊ पडला, आन तोबी फुकट." म्हणूनच जास्त राग येतो.