भागीबाईंचं मडकं मी घासलं

आमच्या नाशिकच्या कॉलेजच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागात दोन माणसं अठरा वर्षं टिकून आहेत. एक मी, जो जिवाणूंबद्दल बोलतो; आणि दुसऱ्या भागीबाई, ज्या त्यांना धुऊन काढतात. टेस्ट ट्यूब, बीकर, फ्लास्क, सगळ्याला त्या 'भांडी'च म्हणतात. त्यांनी धुतलेल्या नळीत आजवर एक जंतू सापडलेला नाही. माझ्या व्याख्यानात काही सापडलं, असंही कुणी म्हटलेलं नाही.

भागीबाई मूळच्या पेठच्या पुढच्या डोंगरातल्या. नवरा गेल्यापासून पेठ रोडला दोन खोल्यांत एकट्या राहतात. डब्याबरोबर रोज नागलीच्या आंबिलीची बाटली आणतात. माझं पित्त खवळलेलं असताना एकदा त्यांनी मला पेलाभर दिली. पोट शांत व्हायच्या आत माझ्यातला संशोधक जागा झाला.

"मावशी, ह्यात विरजण कसलं घालता?"

"कसलंच नाय, सर. मडक्यात पळीभर तळ राखायचा, त्याच्यावर नवं पीठ-पाणी. लग्नात आईनं तिच्या मडक्यातलं दिलं व्हतं. तवापासून अडतीस वर्सं ते कधी आतून धुतलं नाय." मग बाटलीचं बूच लावत म्हणाल्या, "आई पुढच्याच वर्षी गेली. तिचा फोटो बी नाय. येवढी चव हाय."

अशा वेळी माणसानं मायेचे दोन शब्द बोलायचे असतात. मी नमुना मागितला.

त्या चमचाभर आंबिलीत मला तीन जातींचे जिवाणू आणि एक यीस्ट सापडलं. एक जिवाणू साखर खाऊन आंबट करणारा, दुसरा त्याच्या उष्ट्यावर जगणारा, तिसरा तर इतका परावलंबी, की यीस्टनं जीवनसत्त्व पुरवलं नाही तर वाढेचना. अडतीस वर्षं एका मडक्यात नांदून प्रत्येकानं आपली काही कामं सोडून दिली होती, कारण ती शेजारी करत होता. मी चौघांना वेगळं काढलं, साखर आणि जीवनसत्त्वं भरपूर घातलेल्या रसात एकेकटं ठेवलं, आणि दोन वर्षं रोज ताज्या रसात हलवत राहिलो. एकेकटे राहिल्यावर ते कसे बदलतात, हा माझ्या निबंधाचा विषय. ते बदलले. निबंध छापून आला. विभागात पेढे वाटले.

त्या आनंदात भागीबाईंनी मला जेवायला बोलावलं. नागलीची भाकरी, उडदाची आमटी, आंबील. जेवून मला अगदी भरून आलं. अठरा वर्षं ह्या बाईनं आपली भांडी धुतली, आज आपण त्यांची धुवावी! त्या बडीशेप आणायला कोपऱ्यावरच्या दुकानात गेल्या तेवढ्यात मी बाह्या सारल्या. ताटं झाली, पातेली झाली, मग चुलीजवळच्या मडक्याकडे वळलो. आत ही पुटं चढलेली! ज्या मडक्यावर मी निबंध लिहिला ते मी कधी पाहिलंच नव्हतं. माझ्या लेखी त्याचं नाव 'नमुना चार' होतं. तळाशी उरलेलं मोरीत ओतलं. तारेची घासणी, साबण, वर उकळतं पाणी. मी घरी साधा कप विसळत नाही, हे माझी बायको पल्लवी शपथेवर सांगेल; पण त्या दिवशी मी मन लावून काम केलं. मडकं उन्हात पालथं घालून आलो.

भागीबाई आल्या, मडकं पाहिलं आणि खाली बसल्या. मडक्यात हात घालून बोट फिरवलं आणि नाकाशी नेलं. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

"मावशी, अजिबात काळजी करू नका," मी म्हणालो. "चौघंही माझ्याकडे सुखरूप आहेत."

मूळ नमुना गोठवून ठेवायचा असतो, हे मी दरवर्षी पहिल्या वर्षाच्या मुलांना बजावतो. स्वतः ठेवला नव्हता. तेव्हा दोन वर्षं एकेकटे राहिलेले ते चौघे मी एकत्र करून मडक्यात घातले. दुसऱ्या दिवशी भिजलेल्या वहाणांचा वास आला. माझ्या प्रत्येक नळीत त्या-त्या जातीतला जो सर्वात घाईनं वाढे तोच उरत गेला होता. वाट पाहणारे, शेजाऱ्यासाठी काही सोडणारे केव्हाच मागे पडले होते. आंबट करणाऱ्यानं एका रात्रीत सगळी साखर फस्त केली आणि बाकीचे त्याच्या आम्लात मेले. हे असंच होणार, हे माझ्याच निबंधाच्या सातव्या पानावर छापलेलं आहे. तरी मी प्रयोग आणखी पाच वेळा केला. भागीबाई प्रत्येक वेळी बोट बुडवून चाखत आणि नकारार्थी मान हलवत.

मग त्यांनाच आठवलं. त्याच मांडवात त्यांच्या धाकट्या बहिणीचं, साळूबाईचंही लग्न लागलं होतं, आणि आईनं तिलाही पळीभर दिली होती. रविवारी आम्ही एसटीनं पेठला गेलो आणि तिथून जीपनं पुढे. मला वाटलं, सुटलो! एकाच आईच्या मडक्यातली आंबील. साळूबाईंनी पेला भरून दिला. भागीबाईंनी एक घोट घेतला, डोळे मिटले, उघडले.

"ही साळूची हाय," त्या म्हणाल्या. "आईची नाय."

तरी त्यांनी किटलीभर घेतली. परतीच्या एसटीत ती किटली मांडीवर धरून बसल्या होत्या. त्यांचं सांत्वन करावं म्हणून मी बोलायला लागलो, आणि मी बोलायला लागलो की व्याख्यानच होतं. वरचं थंड हवामान, वेगळं पाणी, वेगळी नागली. तिथं तिथल्या जिवाणूंचा वेगळा संसार घडला. "आणि मावशी, तुमच्या मडक्यातली तरी आईची कुठे राहिली होती? रोज पळीभरातून मडकं भरायचं म्हणजे दिवसाला पाच-सहा पिढ्या. चाळीस वर्षांत पाऊण लाख. रोज थोडी थोडी बदलतच होती ती. आईची चव तर कधीच गेली होती."

हे बोलून मी समाधानानं त्यांच्याकडे पाहिलं. वैज्ञानिकदृष्ट्या त्यात एकही चूक नव्हती.

भागीबाईंनी किटलीचं झाकण घट्ट दाबलं.

"म्हंजे आई रोज थोडी थोडी जात व्हती," त्या म्हणाल्या, "आन मी रोज पळीभर राखत व्हते. तुम्ही एकदमच नेली, सर."

इतक्या आठवड्यांत मी त्यांना सगळं समजावलं होतं, सहा वेळा प्रयोग करून दाखवला होता. फक्त एक गोष्ट बोललो नव्हतो.

"माझं चुकलं, मावशी," मी म्हणालो.

त्यांनी मान डोलावली.

घरी आल्यावर त्यांनी साळूबाईंची आंबील मडक्यात ओतली, वर पीठ-पाणी घातलं, फडकं बांधलं.

"हिला हितली व्हायला किती दिस लागतील?"

"माहीत नाही," मी म्हणालो. ह्या विषयात डॉक्टरेट घेतल्यापासून हे मी पहिल्यांदाच कबूल केलं.

"मंग येत जा चाखायला," भागीबाई म्हणाल्या.