दहाच्या दहा ओळींवर मुलीचं नाव

ठोकळे पाडायचे नि साप वाढवायचे ते सगळ्यांना ठाऊक असलेले खेळ मला कधी आवडले नाहीत. माझा आवडता खेळ कुणालाच माहीत नसतो; त्याचं नाव आता मलाही आठवत नाही. काळ्या पडद्यावर एक ठेंगणा खाणकामगार, हातात कंदील, नि खालून चढत येणारं पाणी. तो एक पाऊल चालला की पाणी एक रेघ वर. तो थांबला की पाणीही थांबे. कुकरच्या दोन शिट्ट्यांच्या मध्ये खेळावा असा दुसरा खेळ जगात नाही.

आमच्या अमरावतीच्या घरी कॉम्प्युटर आला तो वकीलसाहेबांसाठी, म्हणजे माझ्या नवऱ्यासाठी. अर्ज-दावे घरीच टाइप करायचे, असा बेत. दुकानदारानं दहा-बारा खेळ फुकटात टाकून दिले होते. साहेबांनी आठ दिवसांत टायपिंगला रामराम ठोकला. मुलगी तेव्हा बारावीला. तिला पुण्याला जाऊन कॉम्प्युटरचं इंजिनिअरिंग करायचं होतं. तिनं एकदा हा खाणीचा खेळ उघडला, थोडा खेळून बुडाली, नि पुन्हा पुस्तकात डोकं घातलं. मग मी बसले.

तेव्हाची मी म्हणजे काय सांगू. चाळिशी ओलांडलेली बाई, कपाळावर ठसठशीत कुंकू, महिला मंडळात ‘मुलांवरचे संस्कार’ या विषयावर भाषण ठोकून आलेली. साहेब कोर्टात नि मुलगी कॉलेजात गेली की ही संस्कारी बाई मॉनिटरवरचं क्रोशाचं कव्हर काढायची, ते चारलाच घालायची. भाजी करपली तर दोष शेगडीचा. खेळातल्या चौदाव्या खोलीत पंधरा दिवस अडकले होते. किल्ली दिसते वर, पण जायचं आधी खाली, पाण्याकडे. तिथला पिंप पाण्यात ढकलायचा नि त्यावर जागच्या जागी पावलं टाकत पाण्याबरोबर वर यायचं. हे सुचलं त्या दुपारी मी स्वयंपाकघरात एकटीच नाचले.

खेळ संपला की पहिल्या दहांची यादी यायची. नावाच्या जागी मुलीनं एकदा घातलेलं नाव तयारच असे. मी नुसतं एंटर दाबायची. नाव बदलता येतं हे मला सुरुवातीला कळत नव्हतं. नंतर कळत होतं.

चाचणीत तिला गुण कमी पडले, नि एका संध्याकाळी साहेबांच्या नजरेस ती यादी पडली. पोरीला समोर उभं करून उलटतपासणी सुरू झाली.

“हे नाव कोणाचं?”

“माझंच. पण बाबा, मी एकदाच खेळली.”

“एकदा खेळून दहा खेपा नाव येते काय? पुरावा खोटं बोलत नाही.”

तिनं माझ्याकडे पाहिलं. तिला काही माहीत नव्हतं. संकटात पोर आईकडे पाहते तसंच. मी पोळी उलटत होते. “आधी जेवून घ्या,” म्हणाले. एवढीच माझी साक्ष.

दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर साहेबांच्या ऑफिसात गेला. पुण्याचा विषयही मिटला. घरात बसून खेळणारी पोर तिकडे काय दिवे लावणार, असं साहेबांचं म्हणणं. ती अमरावतीतच बी.एस्सी., बी.एड. झाली, लग्न होऊन अकोल्याला गेली, आज तिथं शाळेत गणित शिकवते. चांगलं शिकवते. हे मी स्वतःला इतकी वर्षं सांगत आले.

साहेब गेले. गेल्या महिन्यात मी तिच्याकडे अकोल्याला होते. माझ्या वर्णनावरून अकरावीतल्या नातीनं तोच खेळ नेटवर शोधला नि आपल्या लॅपटॉपवर लावून दिला. दोन दुपारी मी खेळले. तिसऱ्या दिवशी मुलीनं शाळेतून येऊन लॅपटॉप उघडला, समोर खेळ पाहिला नि नातीला हाक मारली.

“अभ्यास सोडून हे करून राहिली तू?”

“मी नाही. आजी खेळते.”

“आजीवर ढकलते? सत्तरीची बाई असले गेम खेळते?” मग तिचा आवाज खाली आला. “मीपण बाबाले असंच म्हणत होती, मी नाही, मी नाही. पण दहा वेळा नाव होतं माझं. खेळलीच असेन ना. नसती खेळली तर आज कुठच्या कुठं असती.”

साहेबांचा निकाल मला ठाऊक होता. तिनं तो स्वतः कबूल करून टाकला होता, हे ठाऊक नव्हतं.

“ती मी होते,” मी म्हणाले. “तेव्हाही.”

“नातीले पाठीशी नको घालू, आई.”

“बस इथं. पाहा.”

बोटं आखडलीत आता, पण वाट विसरली नाहीत. चौदाव्या खोलीत मी न थांबता खाली वळले. खरं सांगते, त्या घडीलाही मला आतून ऐट वाटली. अशी मी निलाजरी. पिंपावरून वर आले तेव्हा पाठीमागून तिनं विचारलं, “बाबाले कधी सांगितलं?”

“नाही सांगितलं.”

त्यांच्या शेवटच्या दुखण्यात दोन महिने रजा काढून हिनंच त्यांचं सगळं केलं होतं.

“म्हणजे ते गेले तवा त्यायले वाटतच होतं, मी खोटं बोलली.”

“हो.”

तिनं लॅपटॉप मिटून नातीच्या हातात दिला. “तू खरं बोलत होती,” एवढं तिला म्हणाली. माझ्याशी बोलली नाही. मी निघाले तेव्हा मात्र बसस्टँडवर सोडायला आली, पिशवी वर ठेवून दिली, नि दर वेळी म्हणते तसं म्हणाली, “पोचली की फोन कर.”

मी तिच्या नंबरवर केला. नातीनं उचलला. तेव्हापासून नातच उचलते.