अंगठा काळा व्हायला हवा

"अंगठा काळा झाला? मग माल बरा. कोरा राहिला तर मला भीती वाटते."

असं म्हणत मॅडम ब्रेकच्या पॅडवर अंगठा रगडायच्या आणि तो आमच्या नाकासमोर धरायच्या. बाकीच्या बायकांच्या बोटांना हळद, यांच्या अंगठ्याला ग्राफाइट. रविवारी चर्चमध्ये मिस्सालाही तोच अंगठा घेऊन जायच्या.

वसई पूर्वेला एका गाळ्यात आमचा कारखाना. तांब्याची भुकटी, थोडं कथील आणि पेन्सिलीच्या शिशासारखं ग्राफाइट. सगळं दाबून भट्टीत भाजलं की मोटरसायकलच्या ब्रेकची पॅडं तयार. मॅडम चाचणी विभागाच्या प्रमुख. राहायला नंदाखालला. आवाज असा की त्यांनी केळीच्या बागेतून हाक मारली तर माणिकपूरच्या रिक्षावाल्याने ब्रेक दाबावा.

मी त्यांच्या हाताखाली नवी लागले होते. तेव्हाची मी म्हणजे काय सांगू! नुकतं लग्न झालेलं, लांबलचक वेणी आणि अक्कल त्या वेणीच्या टोकाला. "तांब्याचे हंडे घासण्यात माझा हात कुणी धरत नाही," असं मी पहिल्याच दिवशी मॅडमना ऐकवलं. त्या म्हणाल्या, "छान. इथे हंडे नाहीत." शहाणी बाई तिथेच थांबली असती.

एके दुपारी मोठं गिऱ्हाईक माल बघायला येणार होतं. ऑर्डर मिळाली तर भट्टी चालू, नाहीतर गाळ्याला कुलूप; मालकांनी स्वच्छ सांगितलं होतं. मॅडमनी पॅडांची एक जोडी स्वतःच्या मोटरसायकलवर कित्येक आठवडे चालवून तयार केली होती. सकाळी ती काढून टेबलावर ठेवली आणि मालकांकडे गेल्या. मला ती जोडी दिसली काळी, कळकट. पाहुण्यांना हे दाखवायचं? शी! शेजारच्या खानावळीतून चिंच-मीठ आणलं आणि अशी घासली, अशी घासली, की सोनं झक मारेल. वर बशीत मांडून शेजारी जास्वंदीचं फूल ठेवलं.

मॅडम आल्या. अंगठा रगडला. कोरा!

आता ओरडणार म्हणून मी डोळे मिटले, तर त्या मटकन खुर्चीत बसल्या. ही बाई बसते, हेच मला तोवर ठाऊक नव्हतं.

"हे काय केलंस, बाय?"

"घासली. तांबंच ना, मॅडम?"

"अगं, तो मळ नव्हता. पॅड चाकाच्या डिस्कवर घासून घासून दोघांवर एक काळी साय धरते. ती असली म्हणजे ब्रेक नीट लागतो. ती साय तू चिंचेने धुतलीस."

त्यांनी जोडी गाडीला बसवली, ओढणी कमरेला करकचून बांधली. "चल, बस मागे. घासणारीनेच बसायचं."

बाईमाणूस मोटरसायकल चालवते, याचाच मला अजून धक्का पचला नव्हता. त्यात मागे मी! उतारावर मॅडमनी ब्रेक दाबला. गाडी नुसती किंचाळली, थांबेना. समोर केळ्यांची हातगाडी. मी एका दमात मारुतीलाही नवस बोलले आणि त्यांच्या चर्चमधल्या सायबिणीलाही. केळेवाल्याने गटारात उडी मारली. हातगाडीच्या चाकाला टेकून आम्ही थांबलो.

"ब्रेक नाय काय तुमच्या गाडीला?" तो गटारातून ओरडला.

"ब्रेकच बनवतो आम्ही!" मॅडम त्याच्याहून मोठ्याने.

मग तोच उतार, पुन्हा ब्रेक. चढायचं, उतरायचं, पुन्हा ब्रेक. माझ्या दातांचा आवाज ब्रेकपेक्षा मोठा. हळूहळू किंचाळणं घुमं झालं आणि एका फेरीला गाडी गुपचूप उभी राहिली. डिस्क गार झाल्यावर मॅडमनी अंगठा रगडला. काळा! राखेच्या बुधवारी फादर राख लावतात तसा तो त्यांनी माझ्या कपाळावर ओढला. "आता घासू नकोस हां, बाय."

ऑर्डर मिळाली. घरी सासूबाई कपाळ बघत राहिल्या. "हे कुठल्या देवाचं?"

"ब्रेकच्या," मी म्हटलं.

मॅडम निवृत्त झाल्या तरी तो अंगठा निवृत्त झाला नाही. अंगणात बसून गावभरच्या गाड्यांची चाकं उघडायच्या. परवापरवा त्यांचा फोन आला होता, "तुझ्या लेकाने नवी गाडी घेतली ना? घेऊन ये त्याला. आधी ब्रेक बघू, मग जेवू." आणि दुसऱ्या सकाळी त्यांच्या सुनेचा फोन. झोपेतच गेल्या. मी फोन उलटा धरून कितीतरी वेळ हॅलो हॅलो करत होते.

नंदाखालला गेले. मॅडम पेटीत झोपलेल्या, हातात रोझरी. मी नेहमीच्या सवयीने अंगठा पाहिला आणि हबकलेच. गोरापान. नखाच्या कडेलासुद्धा काळी रेघ नाही.

"कुणी केलं गं हे?"

सून रडत होती, तरी जरा अभिमानाने म्हणाली, "मीच, मावशी. लिंबू लावून घासला. किती वर्षांचा मळ होता! चांगला दिसतो ना?"

तिची वेणी लांब होती.

"छान दिसतो, बाय," मी म्हणाले.

आणि मला भीती वाटली.