घोळीची भाजी

घोळ कुणी लावत नाही. मालाडला आमच्या गॅलरीत ती मोगऱ्याच्या कुंडीत आपली आपणच उगवली आणि बघता बघता सगळ्या कुंड्यांत पसरली. लालसर जाड देठ, गुबगुबीत पानं. उपटून बाजूला टाकली तरी मरत नाही. मातीचा आधार मिळाला की तिथेच मुळं धरते. हे म्हणायचे, "तुझ्या माहेरच्यांसारखी आहे गं, उठायचं नावच नाही." मी म्हणायचे, "मग खाता कशाला मिटक्या मारत?" कारण लसणाची फोडणी देऊन, डाळीचं पीठ आणि ताक घालून केलेली घोळीची पातळ भाजी म्हणजे ह्यांचा जीव की प्राण.

मग ह्यांच्या किडन्या गेल्या. डायलिसिस सुरू झालं. डॉक्टरांनी पालेभाज्या बंद केल्या आणि घोळ तर अजिबात नको म्हणाले. आमच्याकडे आजारी माणसाचं पथ्य बायकोही पाळते. सासऱ्यांसाठी सासूबाईंनी मीठ सोडलं होतं. मीही ह्यांच्यासारखं अळणी जेवायला लागले, आणि मनातून मला त्याचा अभिमान होता. ह्यांना मात्र जेवण जाईना. दोन घास खाऊन ताट सरकवायचे. मी चिडायचे, मग मोरीत जाऊन रडायचे.

एका रविवारी हे म्हणाले, "आज घोळ कर. मला नको. तू खा, मी बघतो."

"काहीतरीच काय? तुमच्यासमोर माझ्या घशाखाली उतरेल का?"

"माझ्यामुळे घरात फोडणीचा वास येत नाही. मला ते सहन होत नाही गं."

हे उठले. भिंतीला धरत गॅलरीत गेले आणि कोवळे शेंडे खुडून माझ्यापुढे ठेवले. मग मला करावीच लागली.

समोरासमोर जेवायला बसलो. माझ्या ताटात भाजी-भाकरी, ह्यांच्या ताटात भात आणि उकडलेला दुधी.

"आंबट झालीय?" ह्यांनी विचारलं.

"हो."

"मग घे की अजून."

मी घेतली. रडत रडत खाल्ली. भाजी चांगली झाली होती, आणि ती मला चांगली लागत होती याचाच राग येत होता. माझ्या ताटाकडे बघत ह्यांनी आपला सगळा भात संपवला. त्यानंतर तेवढं जेवण त्यांना कधी गेलं नाही.