फ्रान्सची खुर्ची

आईचा फोन आला तेव्हा मी जळोचीला सासरी कणीक मळत होते. "बाबा गेले गं," ती म्हणाली, "ओट्यावरच होते... खुर्च्या मांडून." महिना उलटून गेला, पण त्या दोन खुर्च्या काही डोळ्यांपुढून हलत नाहीत.

बाबा इंदापूरच्या कॉलेजात इतिहास शिकवायचे, आणि त्यांचा जीव जडला होता तो अमेरिकेच्या पहिल्या काही वर्षांवर. राष्ट्र नवं, हाताशी धड आरमार नाही आणि तिकडं फ्रान्स-इंग्लंड एकमेकांच्या उरावर बसलेले. बाबा हे असं रंगवायचे की पोरांना आपल्या साखर कारखान्याची निवडणूक आठवावी. "स्वातंत्र्याच्या लढाईत फ्रान्स धावून आला होता. त्याला वाटलं, आता हे आपल्याच पॅनेलचे. पण पहिला अध्यक्ष म्हणाला, आम्ही कुणाचेच नाही. जाताना बजावून गेला, व्यापार सगळ्यांशी करा, कायमची सोयरीक कुणाशीच नको. मग काय, फ्रान्स रुसला." एका पोरानं परीक्षेत लिहिलं, 'पहिल्या अध्यक्षाने मुलींची लग्ने परदेशात करू नयेत असा उपदेश केला.' बाबांनी त्याला अर्धे गुण दिले. म्हणाले, "शब्द माझाच आहे, त्या बिचाऱ्याचं काय चुकलं?"

घरातही धोरण तेच. आई आणि आजीचं वाजलं की बाबा तटस्थ. "तुमची अमेरिका घाला चुलीत," आई म्हणायची.

आमचं घर डाळज गावात, आणि तिथं आम्ही उपरे. नवे आलो तेव्हा शेजारच्या तात्यांनी आपल्या वस्तीवरच्या दोन खोल्या दिल्या, आणि पुढं घर बांधताना पाणीही त्यांच्याच विहिरीचं. म्हणून बाबा त्यांना तोंडावर 'फ्रान्स' म्हणत, आणि तात्याही त्यावर खूश असत. तात्या कारखान्याच्या एका पॅनेलचे खंदे कार्यकर्ते. बाबा त्यांच्या स्टेजवर कधी चढले नाहीत, पण संध्याकाळचा चहा दोघांचा आमच्या ओट्यावर, समोरासमोर खुर्च्या टाकून.

मग माझं लग्न निघालं. मला आवडलेला मुलगा जळोचीचा, आणि त्याचे वडील नेमके समोरच्या पॅनेलचे उमेदवार. तात्या आले ते उभ्यानंच बोलले. "सर, कुणासंगं सोयरीक न्हाय, ही तुमचीच शिकवण हाय न्हवं? आन आता माझ्या इरोधकाच्या घरात पोरगी देताय व्हय?"

मी दाराआडून ऐकत होते. मला वाटलं, बाबा आता नेहमीसारखे बांधावर उभे राहणार आणि माझं लग्न तिथंच मोडणार.

"तात्या," बाबा सावकाश म्हणाले, "ती राष्ट्रांची गोष्ट होती. ही माझी लेक आहे."

तात्यांनी चहा घेतला नाही. लग्नालाही आले नाहीत. जन्मभर कुणाची बाजू न घेतलेल्या माणसानं एकदाच घेतली, ती माझी, आणि त्यात त्याचा एकुलता एक मित्र गेला.

तरी दोन खुर्च्या रोज मांडल्या जात. कपातला चहा निवेपर्यंत बाबा वाट बघत, मग तसाच गार पिऊन टाकत. "तुम्हीच जा ना त्यांच्याकडं," मी म्हणायचे. "गेलो होतो. आत असून नाहीत म्हणून सांगितलं," बाबा हसत. "अमेरिकेच्या दूतांनाही फ्रान्सनं असंच ताटकळत ठेवलं होतं. पुढं झालाच की समेट..."

दहाव्याच्या दिवशी संध्याकाळी तात्या काठी टेकत आले आणि थेट ओट्यावरच्या आपल्या खुर्चीत बसले. मी चहा पुढं केला. समोरच्या रिकाम्या खुर्चीकडं बघत ते म्हणाले, "सांग त्यास्नी. फ्रान्स आलाय म्हणावं."

मला बाबा हवे होते. त्या क्षणी, त्या खुर्चीत, हे ऐकायला.

आई सांगते, तात्या आता रोज येतात. समोरच्या खुर्चीवर कुणाला बसू देत नाहीत. चहा हातात धरून निवेपर्यंत थांबतात, आणि मग तसाच गार पितात.