देवदूताचा गाल

कल्पना करा, तुम्ही लाकडी परांचीवर गुडघे टेकून बसला आहात. समोर तान्ह्या मुलाएवढा चुन्याचा देवदूत, भिंतीतून अर्धा बाहेर आलेला. हातात नश्तर, डोळ्याला भिंग. त्याच्या गालावरचा रंग तुम्हाला पोस्टाच्या तिकिटाएवढ्या जागेत थराथराने काढायचा आहे. दाबायचं नाही, खरवडायचं नाही. पातं आडवं धरून रंगाची खपली नुसती उचलायची. गुलाबीखाली दुसरा गुलाबी निघतो, त्याखाली केशरी, मग पांढरट. तळाचा रंग दिसल्याशिवाय तुम्ही खाली उतराल?

ओब्दुलिया तेकुआपेत्लालाही खाली उतरवेना.

ती मेक्सिकोतल्या सान मातेओ तेपेत्लाची, चोलुलाच्या अलीकडच्या वीटभट्ट्यांच्या गावची. घरात कॉलेजचं तोंड पाहिलेली पहिलीच. प्वेब्ला शहरात ती वास्तुकला शिकली. दर उन्हाळ्यात अमेरिकेतल्या ओहायोहून एक प्राध्यापिका आपले विद्यार्थी घेऊन जुनी चर्चं बघायला येई, तेव्हा बसपासून दुभाषेपणापर्यंत सगळं ओब्दुलिया सांभाळी. मोठमोठी चर्चं दाखवून झाली, तशी त्या वर्षी तिला हौस आली: आपलंही गाव दाखवावं. चर्च दाखवायची आणि रंगाचे थर तपासायची पाद्रीबाबांची आणि पंचांची परवानगी तिनेच काढली. आपल्या पोरीचा शब्द, म्हणून कुणी फार विचारलंही नाही.

तिच्या गावच्या चर्चात दरवर्षी उत्सवाआधी त्या वर्षीचा मानकरी एका देवदूताचा चेहरा नव्याने रंगवतो. पिढ्यान्‌पिढ्या रंग चढत गेल्यामुळे देवदूतांची नाकं बुजली होती. गावातले लोकच म्हणत, आमच्या देवदूतांना गालगुंड झालंय. शिवाय रंगवणाऱ्याच्या घरचा चेहरा नकळत देवदूतावर उतरतो. आदल्या वर्षी एलिओदोरो खाटकाने रंगवलेल्या देवदूताच्या भुवया मधोमध जुळल्या होत्या. प्रार्थनेच्या वेळी पोरं आधी खाटकाकडे बघत, मग वर बघत आणि फिदीफिदी हसत.

त्या वर्षीचा मानकरी होता सेनोबियो, ओब्दुलियाचा सख्खा मामा. जन्मभर भट्टीवर राबलेला माणूस. त्याची मुलगी आंपारो बाळंतपणात दगावता दगावता वाचली, तेव्हा तो नवस बोलला होता की आपली पाळी येईल तेव्हा वेदीच्या डावीकडचा देवदूत स्वतःच्या हाताने रंगवीन. पाळी यायला आंपारोची लेक शाळेत जाऊ लागण्याची वाट बघावी लागली. रंगाचे डबे त्याने आधीच आणून कपाटावर ठेवले होते. मामी कुरकुरायची, या माणसाला भिंतीला सरळ चुना लावता येत नाही आणि हा निघालाय देवाचं तोंड रंगवायला.

आणि ओब्दुलियाने विद्यार्थ्यांबरोबर तपासणीची खिडकी, म्हणजे रंग काढलेला तिकिटाएवढा चौकोन, उघडली ती नेमकी त्याच देवदूताच्या गालावर. सगळ्यात खालचा रंग निघाला तपकिरी. भाजलेल्या विटेसारखा, भट्टीवरच्या माणसांच्या कातडीसारखा. टेगन नावाच्या विद्यार्थिनीच्या डोळ्यांत पाणी आलं. ओब्दुलियाला वाटलं, हा तर आमचाच कुणीतरी, इतकी वर्षं गुलाबी मुखवट्याखाली दडवलेला. प्राध्यापिका हळूच म्हणाली की या चेहऱ्यावर यंदा नवा रंग चढला नाही तर सगळे थर नीट अभ्यासता येतील; पण गावाची रीत आहे, विचारून तर बघ.

विचारायला दोन जागा होत्या. मामा दिवसभर भट्टीवर असे आणि संध्याकाळी घरी. तेपेत्लात मानकऱ्याने वर्षभर दारी आलेल्या माणसाला नाही म्हणायचं नसतं. मीठ मागा, बैल मागा, रात्रीचा आसरा मागा. त्याच्या उंबरठ्यावर मागितलं की मिळालंच; बाहेर कुठे विचारलं तर मात्र तो मोकळा. ही रीत ओब्दुलियाला पाळण्यापासून ठाऊक. तरी, की म्हणूनच, ती प्राध्यापिकेला आणि त्या सगळ्या पोरांना घेऊन मामाच्या घरी गेली.

मामीने पाहुण्यांना मोले, मिरच्यांचा दाट रस्सा, वाढला. पोरं तिखटाने नाकं पुसत हसत होती. मामाने ओब्दुलियाला चिडवलं, "शहरात राहून हाडकलीस गं. देवदूताच्या गालावरचं थोडं मांस तूच घे." मग तिने विषय काढला. प्राध्यापिकेने "जमलं तर" असं दोनदा म्हटलं. भाषांतर करताना ओब्दुलियाच्या तोंडून ते दोन्ही वेळा गळालं.

मामाने हातातली मक्याची तोर्तिया खाली ठेवली.

"तळाचा रंग तपकिरी आहे म्हणतेस?"

"हो मामा. अगदी तुमच्यासारखा."

"आणि मी रंगवला तर तो झाकला जाईल."

"हो."

मामी शालीआड काहीतरी बोलू लागली होती, त्याने तिला हातानेच थांबवलं. "पाहुणे एवढ्या लांबून दारात आलेत," तो म्हणाला. "नाही रंगवत."

त्या रात्री ओब्दुलिया आनंदाने झोपली, ही गोष्ट तिला आता सर्वांत जास्त टोचते.

उत्सव झाला. डावीकडच्या देवदूताला जुन्या गुलाबी गालावर एक तपकिरी चौकोन घेऊनच तो बघावा लागला. पुढे सरकारी खात्याने त्या चेहऱ्यांना हात लावायचा नाही असं ठरवलं, आणि सेनोबियोचा नवस कायमचा राहून गेला. पूर्वी तो रविवारी डावीकडच्या बाकावर बसे. आता उजवीकडे, खांबामागे बसतो, जिथून तो देवदूत दिसत नाही. आंपारोची लेक साध्या तापाने फणफणली तरी मामी दिवा लावते आणि कुणाकडेच बघत नाही. ओब्दुलियाला कुणी एका शब्दानेही बोललं नाही. उलट गावात तिचं कौतुकच होतं.

मामाची पाळी संपल्यावर एकदा ती मुद्दाम भट्टीवर गेली. तो कच्च्या विटा पालथ्या करत होता. तीही बाजूला बसून विटा पालथ्या करू लागली आणि बऱ्याच वेळाने तिने विचारलं, "मामा, तेव्हा तुम्हाला खरंच पटलं होतं का?"

"तेव्हा मी मानकरी होतो."

"आणि आता?"

"आता नाही. पण तू मानकऱ्याला विचारलं होतंस ना, मग उत्तर त्याचंच." त्याने तिच्या हातातल्या विटेकडे बोट केलं, "ती वीट सरळ ठेव, वाकडी वाळेल."

यंदाही ओहायोची पोरं आली. ओब्दुलियाने त्यांना तो तपकिरी गाल दाखवला, चुन्याचे थर समजावले, कोणता रंग कशापासून करत तेही सांगितलं. हा रंग झाकायचा नाही हे शेवटी कुणी ठरवलं, असं एकाने विचारलं. गावाने, असं सांगून तिने सगळ्यांना बाहेर काढलं. बाहेर ऊन होतं, पोरं थंड पाण्याच्या बाटल्या उघडत होती, आणि तिच्या मनात नेहमीचंच चाललं होतं: त्या दिवशी ती पाहुण्यांना मागे ठेवून एकटीच भट्टीवर गेली असती, जिथे मामावर कुठलीच रीत बांधलेली नव्हती, तर तो काय म्हणाला असता?