सावलीतली स्कूटर

वेलचेरीत आमच्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर एक तंजावरी मराठी गृहस्थ राहायचे. बोलणं तमिळ हेलाचं, चालणं भिंतीला धरून. सेक्रेटरी रोज त्यांना स्कूटर उन्हात लावायला सांगायचे आणि हे "सरी सर, सरी सर", म्हणजे बरं सर, म्हणत ती ढकलत न्यायचे.

एका रविवारी हॉलमध्ये मुलांसाठी जुना हिंदी सिनेमा लावला होता. ताटातूट झालेले जुळे भाऊ, एक भित्रा, एक बिनधास्त. भित्र्याच्या घरी चुकून बिनधास्त पोचतो, आणि नेमका तिथेच करंट गेला. मुलांनी गलका केला.

"अस्की बसा," म्हणजे सगळे बसा, म्हणत हे उठले आणि उरलेला सिनेमा एकट्यानं करून दाखवू लागले. खांदे पाडले की भित्रा, छाती काढली की बिनधास्त. मी त्यांना रोज बघत होतो, तरी ओळखलं नसतं. बिनधास्त होऊन ते थेट मागे बसलेल्या सेक्रेटरींसमोर उभे राहिले आणि खणखणीत तमिळमध्ये म्हणाले, "उद्यापासून माझी स्कूटर सावलीत!"

सेक्रेटरींना हसावं की रागवावं कळेना. मान मात्र हलली.

दुसऱ्या दिवशी स्कूटर सावलीत होती. मी म्हटलं, "काल कमाल केलीत!"

त्यांनी खांदे पाडले. भिंतीकडे सरकत हळूच म्हणाले, "मी नव्हे हो. तो दुसरा."